शेपटीवर बसवलेला डायनासोर

माझ्या हातून झालेलं सगळ्यात मोठं काम चुकीचं आहे, आणि ते अजून उभं आहे. किनाऱ्याकडच्या एका रिसॉर्टच्या फाटकातून आत शिरलं की डाव्या हाताला, पोहायच्या तलावापलीकडे, दोन मजली घराएवढा एक डायनासोर दिसतो. जबडा उघडा, छाती पुढे, शेपटी जमिनीवर टेकलेली, आणि दोन्ही पंजे आशीर्वाद देत असल्यासारखे पुढे धरलेले. रविवारी त्याच्यापुढे फोटोसाठी रांग लागते. लोक खूश असतात. मीच काय तो तिथे गेलो की खाली बघून चालतो.

आम्ही मूळचे पेणकडचे, गणपती करणारे. वडील तरुणपणी वसईला आले आणि इथलेच झाले. श्रावण लागायच्या आधीपासून त्यांच्याकडे घरगुती गणपती सांगायला माणसं यायची, ती एकाच गोष्टीसाठी. मूर्ती कुणीही घडवावी, पण डोळ्यांची आखणी यांच्याच हातची हवी, असं लोक म्हणायचे. मी त्या धंद्यात रमलो नाही. मला मोठं काहीतरी करायचं होतं. सातिवलीला एक गाळा घेतला आणि फायबरच्या कामात शिरलो. बागेतले हत्ती, कारंज्यातले मासे, शाळांच्या दारातले सिंह, हॉटेलांपुढचे हात जोडलेले फेटेवाले. रेझिनच्या वासाने बाबांचं डोकं दुखायचं, पण घरी बसून ते करणार काय? उमेळ्याच्या फ्लॅटमधून रोज सकाळी माझ्या स्कूटरवर मागे बसून ते गाळ्यावर यायचे.

तोवर त्यांचे हात थरथरायला लागले होते. एका वर्षी एका गणपतीचा डावा डोळा आखताना ब्रश जरा हलला. कुणाच्या लक्षातही आलं नसतं. त्यांनी ती मूर्ती गिऱ्हाइकाला दिली नाही, ब्रश धुऊन ठेवला आणि पुन्हा उचलला नाही. त्यानंतर त्यांच्याकडे एकच काम उरलं, दहा-बारा जुन्या घरांच्या गणपतींसाठी शाडू मळायचं. मूर्ती मी घडवायचो, आखणी बाहेरचा एक कारागीर करून जायचा. बाबांना याचं काय वाटतं, हे मी कधी विचारलं नाही.

रिसॉर्टच्या शेठची ऑर्डर आली तेव्हा मी हवेत होतो. एवढं मोठं काम आमच्या ओळीतल्या कुठल्याच गाळ्याला मिळालं नव्हतं. शेठने मोबाईलवर एक चित्र दाखवलं. ताठ उभा राहून डरकाळी फोडणारा टी-रेक्स. रस्त्यावरून दिसला पाहिजे आणि पोरं घाबरली पाहिजेत, एवढीच त्याची अट. मी लगेच मान डोलावली. खरं सांगायचं तर चित्र दिलं नसतं तरी मी तसाच केला असता. मूर्तीच्या घरात वाढलेल्या माणसाला वस्तू समोरून बघायची सवय असते. मूर्तीला मुख असतं, छाती असते, हात भक्ताकडे असतात. पाठ कोण बघतंय? मागून टेकू दिला की झालं. मी त्या जनावराचीही मूर्तीच केली आणि शेपटीचा टेकू केला. वजन कुठे पडतं हे आधी बघणाऱ्या एखाद्या लोहाराने किंवा सुताराने ही चूक केली नसती.

माझी मुलगी तेव्हा पाचवीत होती. तिचं डायनासोरांचं एक इंग्रजी पुस्तक मी चित्रांसाठी गाळ्यावर आणून टाकलं होतं. बाबांना इंग्रजी येत नव्हतं, ते चित्रंच बघायचे, आणि त्यातही एकाच पानावर अडकायचे. त्या पानावर नुसता हाडांचा सांगाडा होता. चष्मा कपाळावर, पुस्तक नाकाशी, आणि मग एकेक प्रश्न. याचे दात केवढे असतील? मी म्हटलं, राजेळी केळ्याएवढे. ते त्यांना फार आवडलं, चहा घेऊन येणाऱ्यालाही त्यांनी ते ऐकवलं. एवढ्या मोठ्या जनावराला हात एवढेसेच का? मला माहीत नव्हतं. हे आपल्याकडचं का? नाही, अमेरिकेतलं, असं म्हणून मी विषय तोडला. आपल्याकडेही नर्मदेच्या बाजूला दुसऱ्या जातीचं एक शिकारी जनावर फार पूर्वी होऊन गेलं, त्याची हाडं सापडली आहेत, हे मला नंतर कळलं. तेव्हा माहीत असतं तर बाबांना किती बरं वाटलं असतं.

एका दुपारी माझ्या अर्धवट झालेल्या धुडाभोवती त्यांनी एक फेरी मारली. समोर फार थांबले नाहीत. मागे गेले आणि तिथेच उभे राहिले.

“अरे, हे शेपटीवर बसलंय,” ते म्हणाले. “हाडं बघ त्याची. खुबा मधोमध आहे. पुढे एवढं डोकं, मागे एवढी शेपटी. हे तराजूच्या दांडीसारखं आडवं चालत असणार.”

मी म्हटलं, गिऱ्हाइकाने चित्र दिलंय. पण त्यांची गाडी सुटली होती. डोकं जड होत गेलं म्हणून हात बारीक झाले असतील, नाहीतर ते तोंडावर आपटलं असतं. शेपटी टेकायला नाही, डोक्याचं वजन पेलायला. आणि हे तोंड का उघडं ठेवलंयस? शिकारीवर निघालेलं जनावर आ वासून फिरतं का? मांजर बघ, उंदरावर झेप घेईपर्यंत तिचा दात दिसत नाही. मी हातातली पट्टी जरा जोरातच खाली ठेवली. माझा स्वभाव पहिल्यापासून तापट, आणि माझ्या गाळ्यात मला कुणी शिकवलेलं मला खपत नसे.

त्याच आठवड्यात ते संध्याकाळचे घरातून गायब व्हायला लागले. उमेळ्यात आमच्या बिल्डिंगमागे एक जुनी वाडी तेव्हा शिल्लक होती. चिकूची झाडं, शेवगा, आणि मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या. बाबा कुंपणाशी उभे राहून तास तास त्या कोंबड्या बघत. वाडीतल्या बाईने तिच्या बोलीत माझ्या बायकोला विचारलं की सासऱ्यांना कोंबडी हवी असेल तर सांगा, लाजू नका. घरी आम्ही खूप हसलो. बाबाही हसले, आणि दुसऱ्या दिवशी परत तिथेच. कोंबडी चालताना पाठ आडवी ठेवते. तिचा गुडघा पिसांच्या आत असतो, आणि आपल्याला जो उलटा दुमडलेला गुडघा वाटतो तो खरं तर तिचा घोटा असतो. हे सगळं त्यांनी मला एकदा जेवताना सांगितलं. मी टीव्ही बघत होतो.

मग त्यांनी माझ्याकडे तार मागितली. जळलेल्या मोटरची तांब्याची तार गाळ्यात पडून होती, ती मी कुरकुरत दिली. तिचे चार-पाच पदर पिळून त्यांनी काहीतरी वाकवलं, त्यावर शाडू चढवला, आणि पुढचे दहा-बारा दिवस ते कोपऱ्यात पाठ करून बसले. मी बघायला गेलो नाही. ते गुंतलेत, प्रश्न विचारत नाहीत, एवढंच मला हवं होतं.

एके दिवशी त्यांनी मला हाक मारली. मी नुकतंच रेझिनमध्ये हार्डनर घातलं होतं. ते घातलं की थांबता येत नाही, बादलीतच दगड होतो. मग थोड्या वेळाने ये, बाबा म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी परत हाक मारली. तिसऱ्या हाकेला मी चिडूनच गेलो.

फळीवर हातभर लांबीचं जनावर होतं. पाठ आडवी, शेपटी मागे अधांतरी, मान किंचित वर घेतलेली. दोनच पायांवर उभं होतं, खाली कसलाही टेकू नाही. तोंड मिटलेलं. दोन-दोन बोटांचे इवलेसे हात, तळवे एकमेकांकडे वळलेले, टाळी वाजवायच्या बेतात असल्यासारखे. थरथरत्या हातांमुळे कोरणी जिथे जिथे हलली होती तिथे कातडीला बारीक सुरकुत्या आल्या होत्या, आणि त्या त्याला शोभत होत्या. ते जनावर उभं नव्हतं, निघालं होतं. हे मला तेव्हाही दिसलं. दिसलं नाही असं म्हणायची सोय माझ्याकडे नाही.

पण बाहेर माझं रेझिन घट्ट होत होतं आणि शेठचा फोन दोनदा येऊन गेला होता. मी म्हणालो, “बाबा, तुम्ही माती मळा. डोकं लावू नका.”

ते “बरं” म्हणाले. जनावरावर ओलं फडकं टाकलं आणि हात धुवायला गेले.

पुढची गोष्ट साधी आहे, आणि तीच मला सांगवत नाही. गणपती तोंडावर आले होते आणि शाडूची गाडी आली नव्हती. अशा वेळी आम्ही काय करतो, तर गाळ्यात जेवढी कच्ची माती पडलेली असते, मोडलेली बोटं, बिघडलेले मुकुट, तडकलेले पाट, ती सगळी टाकीत भिजत घालतो आणि परत मळतो. कच्च्या मातीचा जीव असतो तेवढाच. आमच्या धंद्यात त्यात कुणाला काही वाटत नाही. मी एकेक तुकडा टाकीत सोडत गेलो. फळीपाशी आल्यावर हात अडखळला का? अडखळला. पण मनात कुठेतरी रागही होता की मी एवढं मोठं काम करतोय आणि हे कोपऱ्यात बसून मला ते चुकतंय म्हणून दाखवतायत. मी फडक्यासकट ते उचललं, फडकं बाजूला केलं आणि जनावर पाण्यात सोडलं. थोडे बुडबुडे आले. मी टाकीवर झाकण ठेवून बाहेर गेलो.

दोन दिवसांनी बाबांनी विचारलं, माझं जनावर कुठाय?

खरं सांगता आलं असतं. ते स्वतः आयुष्यभर माती भिजवत आले होते, कदाचित समजून घेतलं असतं. पण माझ्या तोंडून निघालं, “शेठ आले होते. त्यांना फार आवडलं. ऑफिसच्या टेबलावर ठेवायला घेऊन गेले.”

बाबांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि परत लावला. काय म्हणाले शेठ, असं त्यांनी विचारलं. छान आहे म्हणाले, मी सांगितलं. त्यांना इतका आनंद झालेला मी कितीतरी वर्षांत बघितला नव्हता. मोठा डायनासोर बसवायला जाशील तेव्हा मलाही ने, ते म्हणाले, टेबलावर कसं दिसतंय बघू. नेतो म्हटलं.

नंतर टाकीतली माती भिजून खाली बसली. मी वरचं पाणी काढून टाकलं आणि बाबा ती मळायला बसले. मी बाहेर जबड्यात दात बसवत होतो. त्या दिवशी ते जेवले नाहीत. डोकं दुखतंय म्हणाले. रेझिनचा वास, मी म्हटलं, उद्या घरीच थांबा.

त्यानंतर त्यांनी रिसॉर्टला न्यायचं नावही काढलं नाही. बसवायच्या दिवशी क्रेन आली, ट्रक आला, मी दिवसभर तिकडे होतो, आणि ते घरी गणपतीची आरास करत बसले. मला हायसं वाटलं. म्हातारं माणूस, विसरले असतील, असं मी धरून चाललो. मात्र भेटेल त्याला ते सांगायला लागले. लिफ्टमध्ये, चहाच्या टपरीवर, बायकोच्या माहेरच्यांना, आणि नेहमी माझ्या देखत: माझं एक काम रिसॉर्टच्या शेठच्या टेबलावर आहे, आमच्या चिरंजीवांनी दिलं त्यांना. मी अशा वेळी फोन आल्यासारखं करून बाजूला व्हायचो. दोन वर्षांनी ते गेले. मोठा डायनासोरही त्यांनी शेवटपर्यंत बघितला नाही.

यंदा रिसॉर्टमधून फोन आला की शेपटीच्या मुळाशी तडा गेलाय. मुलगी आता कॉलेजात प्राणिशास्त्र शिकते. तीही बरोबर आली. तिने ते धूड लहानपणी बघितलं होतं, शिकायला लागल्यापासून नाही. खाली उभं राहून तिने मान वर केली आणि बोलायला लागली. पप्पा, याची पाठ आडवी असायची. शेपटी कधी जमिनीला लागतच नव्हती. शेपटीतून निघालेले जाडजूड स्नायू मांडीच्या हाडाला जोडलेले होते, ते पाय मागे खेचायचे, त्यावरच हे चालायचं. एवढ्या वजनाला फार जोरात पळता येत नव्हतं, पण पावलं लांब होती. डोळे समोर वळलेले, अंतर नेमकं कळायचं. नाक तर विचारू नका. जबडा हाडासकट मांस चिरडायचा, त्याच्या दगड झालेल्या विष्ठेतही हाडांचा चुरा सापडलाय. दात पडले की नवे यायचे. तोंड मिटलं की ओठांनी दात झाकले जात असावेत, असं आता बरेच जण म्हणतात. आवाजही बहुतेक असा आ वासून नाही, मिटल्या तोंडाने, घुमल्यासारखा. तळवे समोरासमोर. पंधरा-सोळाव्या वर्षी झपाट्याने वाढायचं आणि तिशी गाठायच्या आत संपायचं. जी जगायची त्यांच्या हाडांवर मोडून सांधलेल्या खुणा दिसतात, काहींची बोटं सुजलेलीही असायची. शेवटी ती म्हणाली की आजच्या कोंबड्या याच घराण्यातल्या.

मी ऐकत होतो. यातलं निम्मं मी आधी ऐकलेलं होतं, इंग्रजी न येणाऱ्या माणसाकडून, जेवताना, टीव्हीच्या आवाजात. मी तिला म्हटलं, पूर्वी मोठमोठ्या संग्रहालयांतही तो असाच उभा करत. ती म्हणाली, हो, पण त्यांनी नंतर दुरुस्त केला.

मी शेठला विचारून बघितलं की तडा गेलाच आहे, तर खुब्यापासून कापून आडवा करून देऊ का. तो हसला. आडवा केला तर रस्त्यावरून दिसणार कसा? मी आतून जाड पाइप घालून शेपटी जोडली. आता तो आणखी कित्येक वर्षं चुकीचा उभा राहील.

मी हात धूत असताना मुलगी ऑफिसात जाऊन आली. आजोबांच्या जनावराचा फोटो तिला कॉलेजच्या कामासाठी हवा होता; लहानपणी तिने ते अर्धं झालेलं गाळ्यावर बघितलं होतं आणि ते शेठच्या टेबलावर असल्याचं तर घरात सगळ्यांनाच पाठ होतं. शेठ तिला म्हणाला होता, असं काही मी कधी बघितलंही नाही. ती येऊन माझ्यासमोर उभी राहिली.

सातिवलीला परतताना मी तिला सगळं सांगितलं. टाकीचं, बुडबुड्यांचं, शेठच्या टेबलाचं. ती खिडकीबाहेर बघत होती. गाळ्यावर पोचल्यावर एवढंच म्हणाली, “त्यांची हत्यारं तरी ठेवलीयत ना?”

हत्यारं होती. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, ते गेल्यापासून तो डबा मी उघडला नव्हता. झाकण गंजलं होतं, पेचकसाने काढावं लागलं. आत बांबूच्या कोरण्या, केस झडलेले ब्रश, आखणीची बारीक काडी. तळाशी जुन्या धोतराच्या कापडात काहीतरी गुंडाळलेलं होतं. मुलीने ते सोडलं.

तांब्याची पिळलेली तार होती. एका टोकाला मानेचा बाक, मग आडवी पाठ, मग लांब शेपटी, मधोमध खाली वळलेले दोन पाय. स्वच्छ धुतलेली, पण पिळांच्या आत पांढरी माती अजून होती.

टाकीत माती विरघळली होती, तार विरघळली नव्हती. मळताना ती त्यांच्या हाताला लागली होती. त्या दिवशी, ज्या दिवशी त्यांचं डोकं दुखत होतं. रिसॉर्टला ने म्हणायचं त्यांनी तेव्हापासून सोडलं होतं. आणि लिफ्टमध्ये, टपरीवर, माझ्या सासुरवाडीला जे सांगत सुटले होते, ते सगळं त्यानंतरचं. मला वाटायचं ते फुशारकी मारतायत. ते माझं खोटं सांभाळत होते, दोन वर्षं, दर वेळी मी ऐकतोय याची खात्री करून.

मुलीने तार एका बोटावर ठेवली, पाय जिथे जोडले होते त्याच्या खाली. जरा डुलली आणि आडवी थांबली.

त्यांनी मला एकदा तरी विचारायला हवं होतं, असं मी तिला म्हणालो. विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं. पण मी सांगितलं नसतं. मी म्हटलं असतं, तार दुसऱ्या कशातली तरी असेल, बाबा, तुम्ही माती मळा.